उजेडाची उघडझाप आणि फिटचा आजार

घरातली ट्यूबलाइट नीट लागत नाही, नुसती लुकलुकत राहते. तालुक्याला जाईन तेव्हा स्टार्टर आणीन, असे म्हणत घरधनी आठ-आठ दिवस काढतो. बहुतेक घरांत एवढ्याने फार काही बिघडत नाही. डोळे चुरचुरतात, कुणाचे डोके दुखते, म्हातारी माणसे कुरकुरतात. पण एखाद्या घरात दहा-बारा वर्षांचे एखादे मूल असे असते की त्या लुकलुकीत त्याच्या हातांना झटके येतात, हातातला पेला गळून पडतो आणि एखादे वेळी ते धाडकन जमिनीवर कोसळून हातपाय झाडू लागते. तोंडाला फेस येतो. मग कांदा फोडा, चप्पल हुंगवा, दातात चमचा घाला, अशी एकच धावपळ उडते. काल अमावास्या होती का, पोर कोणत्या झाडाखालून गेले होते, याची चौकशी दुसऱ्या दिवशी होते. वर लुकलुकणाऱ्या दिव्याकडे मात्र कुणी बघत नाही.

फेफरे, मिरगी, आकडी, अपस्मार, फिट ही सगळी एकाच आजाराची नावे. हा मेंदूचा आजार आहे. जगात सुमारे ५ कोटी लोकांना तो आहे आणि त्यांतले १ कोटीच्या आसपास आपल्या देशात आहेत. या आजाराच्या शंभर माणसांपैकी साधारण तिघांना उजेडाच्या उघडझापीने फिट येऊ शकते. वयात येणाऱ्या मुलामुलींत हे प्रमाण याहून जास्त असते, आणि मुलग्यांपेक्षा मुलींत अधिक. तिघे म्हणजे थोडेच, असे कुणी म्हणेल. पण इतर रोग्यांना फिट केव्हा येईल हे सांगता येत नाही आणि या तिघांचे निदान एक कारण तरी घरच्यांच्या हाती लागते. ते हाती असून दुर्लक्ष करायचे, हे बरे नव्हे.

आता उजेडाचा आणि मेंदूचा संबंध काय, असा प्रश्न पडेल. उजेड दिसण्यापुरता असतो, हा समज शहरातल्या माणसाचा असला तर समजू शकतो. शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र याच्या उलट पुरावा रोज उभा आहे.

रानातली साक्ष

उसाचेच बघा. पाऊस सरता सरता उसाला तुरा येतो आणि वाढ थांबते. ऊस वयाने पिकला म्हणून तुरा येतो असे नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात दिवस लहान होत होत साडेबारा तासांच्या आसपास येतो, तेव्हा तुऱ्याची तयारी आतल्या आत सुरू होते. ऊस दिवस मोजतो. खरे म्हणजे तो रात्र मोजतो. शेवंतीही तशीच. रात्र मोठी झाल्याशिवाय तिला कळी धरत नाही. म्हणून सणाचा बाजार साधायचा असला की काही बागाईतदार शेवंतीच्या रानात रात्री दिव्यांच्या माळा लावतात. मोठ्या रात्रीच्या मध्ये थोडा वेळ उजेड पडला, की झाडाच्या हिशेबी ती रात्र तुटते आणि फूल लांबते. त्या दिव्यांनी झाडाला अन्न मिळते असे नव्हे, तेवढा तो उजेड नसतोच. झाडाला मिळते ती वर्दी.

ही गोष्ट शास्त्रात आली ती अमेरिकेच्या शेती खात्यातल्या गार्नर आणि अ‍ॅलर्ड या दोघांमुळे. त्यांच्याकडे तंबाखूची एक जात होती. ती उन्हाळ्यात माणसाच्या डोक्यावर जाई, पण फूल काही धरीना. सोयाबीनची एक जात तर वेगवेगळ्या तारखांना पेरली तरी फुलायची जवळपास एकदमच. खत बदलले, पाणी बदलले, काही उपयोग झाला नाही. शेवटी १९१८ साली त्यांनी झाडे कुंडीत लावली आणि रोज दुपारनंतर एका अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेवायला सुरुवात केली. दिवस असा खोटाच लहान केल्यावर झाडे फुलली. १९२० साली त्यांनी हे छापून प्रसिद्ध केले. आपल्याकडे उशिरा पेरलेले सोयाबीन बुटके राहून लवकर फुलोऱ्यावर येते, त्याच्या मागेही हेच गणित आहे.

कोंबड्यांचे तर त्याहून नवल. थंडीत दिवस लहान झाला की अंडी कमी होतात. म्हणून कोंबड्या पाळणारे लोक दिवसाचा आणि दिव्याचा मिळून १६ तासांपर्यंत उजेड देतात. हा उजेड कोंबडीला डोळ्यांतून कळतो असे कुणालाही वाटेल. फ्रान्समध्ये झाक बेन्वा नावाच्या शास्त्रज्ञाने १९३० नंतरच्या वर्षांत बदकांवर प्रयोग केले. डोळे नसलेल्या बदकांवरही उजेडाचा परिणाम होत होता. पक्ष्याची कवटी पातळ असते. तिच्यातून झिरपणारा उजेड थेट मेंदूत पोहोचतो आणि मेंदूतल्या पेशींना तो कळतो.

म्हशीच्या माजाचेही असेच. दिवस लहान होऊ लागले म्हणजे म्हशी माजावर येण्याचे प्रमाण वाढते, हे प्रत्येक गोठ्याला ठाऊक आहे. उन्हाळ्यातला ताप आणि चाऱ्याची टंचाई यांचा त्यात वाटा आहे, पण रात्रीच्या लांबीचाही आहे. रात्री मेंदूतल्या एका वाटाण्याएवढ्या ग्रंथीतून एक रस रक्तात उतरतो. मेलाटोनिन हे त्याचे नाव. १९५८ साली अमेरिकेतल्या आरन लर्नर यांनी तो प्रथम वेगळा काढला, तोही कत्तलखान्यातून आणलेल्या गुरांच्या ग्रंथींतूनच. रात्र जितकी मोठी, तितका वेळ हा रस वाहतो, आणि त्यावरून जनावराच्या शरीराला ऋतू कळतो.

डोळ्यांतली दुसरी वाट

माणसाची कवटी जाड. आपल्याला उजेड डोळ्यांतूनच कळतो. पण डोळ्यांतून मेंदूकडे जाणारी वाट एकच नाही. दिसण्याची एक, आणि दुसरी वेळ कळण्याची. डोळ्याच्या पडद्यावर काही थोड्या पेशी अशा आहेत की त्या चित्र बघत नाहीत, उजेड किती आहे एवढेच मेंदूला कळवतात. २००२ साली हे नीट सिद्ध झाले. त्यांचा निरोप मेंदूच्या तळाशी असलेल्या, तांदळाच्या दाण्याहून लहान अशा एका पुंजक्याला मिळतो. तेच आपल्या शरीराचे घड्याळ. झोप, भूक, अंगाची ऊब, रात्रीचा तो रस, सगळे त्याच्या काट्यावर चालते. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी चिलटे असतात ना, त्यांच्यावर प्रयोग करून हे घड्याळ पेशीच्या आत कसे चालते ते हॉल, रॉसबाश आणि यंग या तिघांनी उलगडले. त्याबद्दल त्यांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या घड्याळाचा फिटशी जवळचा संबंध आहे, कारण झोप मोडली की फिटचा धोका वाढतो. ज्या भागात शेतीची वीज रात्रीची असते तिथे माणूस दोन वाजता उठून बारे द्यायला जातो. यात्रेतले जागरण, लग्नघरातली रात्र, परीक्षेचा अभ्यास, आणि आता उशाशी मोबाइल. मोबाइलच्या निळसर उजेडाने मेंदूला अजून दिवसच आहे असे वाटते आणि झोप लांबते. धडधाकट माणूस दुसऱ्या दिवशी जांभया देऊन मोकळा होतो. फिटच्या रोग्याला तेवढे भांडवल नसते.

मेंदूतली वीज

मेंदूच्या पेशी एकमेकींशी बोलतात त्या अगदी बारीक विजेने. जर्मनीतल्या येना गावच्या हान्स बर्गर या डॉक्टरांनी १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून ही वीज प्रथम टिपली आणि १९२९ साली ते प्रसिद्ध केले. शांत बसून डोळे मिटले की या विजेच्या लाटा सेकंदाला सुमारे १० या चालीने उठतात, असे त्यांना दिसले. पाच वर्षांनी, १९३४ मध्ये, इंग्लंडात केंब्रिजला एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी आणखी एक गंमत पाहिली. डोळ्यांपुढे उजेड ठरावीक चालीने उघडझाप केला, तर मेंदूच्या लाटाही त्याच चालीने उठू लागतात. भजनात टाळकरी पखवाजाच्या ठेक्याला धरून चालतो, तसे. मग १९४६ साली ब्रिस्टल शहरात ग्रे वॉल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लखकन चमकणारा विजेचा दिवा आणला आणि दाखवून दिले की काही माणसांत हा ठेका डोळ्यांच्या भागापुरता न राहता सगळ्या मेंदूत पसरतो.

फिट म्हणजे तरी काय? मोठ्या बाजारात हजार माणसे हजार गोष्टी बोलत असतात, तोवर बाजार चालतो. सगळी एकाच वेळी एकाच शब्दाने ओरडू लागली तर व्यवहार बंद. मेंदूचे तसेच होते. पेशींचा मोठा समूह एकाच ठेक्यात पेटतो, शुद्ध हरपते, हातपाय त्या ठेक्याने झटकू लागतात. निरोगी मेंदूत ठेका पसरू न देणारा आवर असतो. ज्यांचा तो आवर जन्मतः थोडा सैल, त्यांना उघडझापीने फिट येते. सर्वांत वाईट चाल सेकंदाला साधारण १५ ते २५ वेळा. लाल रंगाचा उजेड जास्त त्रासदायक.

जपानातली एक संध्याकाळ

ही गोष्ट किती खरी आहे ते जगाला कळले १६ डिसेंबर १९९७ रोजी. जपानात त्या मंगळवारी संध्याकाळी साडेसहा वाजता मुलांची एक आवडती कार्टून मालिका टेलिव्हिजनवर लागली होती. पोकेमॉन तिचे नाव. पुढे ती आपल्याकडच्या मुलांनीही पाहिली. कार्यक्रम सुरू होऊन सुमारे वीस मिनिटे झाल्यावर पडद्यावर एक स्फोट दाखवला गेला. त्यासाठी लाल आणि निळा रंग सेकंदाला सुमारे १२ वेळा आलटून पालटून चमकवला होता. हे चालले अवघी काही सेकंद. पण त्या रात्री जपानभर ६८५ मुलांना रुग्णवाहिकेतून दवाखान्यात न्यावे लागले. सगळ्यांनाच फिट आली होती असे नाही. काहींना मळमळले, काहींचे डोके दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली. पण पुष्कळांना खरीच फिट आली, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना त्याआधी जन्मात कधी आली नव्हती. घरच्यांना तोवर पत्ताही नव्हता की आपल्या मुलाच्या मेंदूचा आवर सैल आहे. वर कहर असा, की झालेला प्रकार बातम्यांत सांगताना तोच तुकडा पुन्हा दाखवला गेला आणि आणखी काही मुले आजारी पडली. सुदैवाने कुणी दगावले नाही.

मालिका चार महिने बंद राहिली. त्यानंतर जपानात नियम झाले. ब्रिटनमध्ये ते आधीच झाले होते. पडद्यावरची मोठी लखलख सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा असू नये, हा त्यांतला मुख्य नियम. आपल्या वरातीतल्या डीजेच्या गाडीवर जे दिवे चमकतात त्यांना असला कोणताच नियम कुणी सांगितलेला दिसत नाही.

याच उघडझापीने काही जनावरांनाही फिट येते. आफ्रिकेत सेनेगल देशातल्या एका भागात बबून जातीची माकडे आहेत. त्यांतल्या पुष्कळांना चमकत्या दिव्यासमोर बसवले की झटके येतात, हे १९६६ साली शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले. या माकडांना ना कुणाची नजर लागली होती, ना त्यांनी कुणाचा उतारा ओलांडला होता. कोंबड्यांचीही एक अशी वाण आहे. इजिप्तमधल्या फय्यूम भागातली फय्यूमी जात आपल्याकडच्या कोंबडीवाल्यांना नावाने ठाऊक असेल. तिच्यातल्या एका वाणात उजेडाच्या उघडझापीने, किंवा मोठ्या आवाजानेही, कोंबडी फडफडून झटके देते. मेंढ्याची शिंगे जशी वंशातून येतात तसा हा दोष आईबापांकडून पिलांत उतरतो. फ्रान्समध्ये १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अशा वाणाच्या अंड्यातल्या गर्भाचा मेंदूचा काही भाग साध्या कोंबडीच्या गर्भात बसवला. पिलू निघाले साधेच, पण उजेड चमकला की त्याला फिट येई. दोष मेंदूतच असतो, याहून उघड पुरावा कोणता हवा? पुढे २०११ साली त्या वाणातला बिघडलेला नेमका अंशही सापडला. गंमत म्हणजे फिटवर आज आपल्याकडेही डॉक्टर जे लेव्हेटिरासिटॅम नावाचे औषध लिहून देतात, ते मेंदूत याच ठिकाणी काम करते.

घरात कसे ओळखावे

ज्या मुलाला फिट येते, ती केव्हा आणि कुठे आली ते वहीत लिहून ठेवावे. दोन-चार नोंदी झाल्या की कधी कधी आपोआप उलगडा होतो. झाडांच्या रांगेतून जाणाऱ्या रस्त्यावर, बाजूने ऊन असताना, एसटीच्या खिडकीत बसलेल्या मुलाला फिट आली. ओढ्याच्या हलत्या पाण्यावर चमकणाऱ्या उन्हाकडे बघताना आली. टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन चॅनेल बदलताना आली. या तिन्ही ठिकाणी उघडझाप आहे. आणखी एक जागा कुणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे छताचा पंखा. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला ३०० फेरे फिरत असेल, तर त्याच्या वर लावलेला दिवा सेकंदाला बरोबर १५ वेळा झाकला जातो. तेव्हा दिवा पंख्याच्या वर नको, खाली किंवा बाजूच्या भिंतीवर हवा. नवी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा चमकते, पण ती चाल इतकी वेगाची की मेंदू तिला धरत नाही. बिघडलेली मात्र लगेच बदलावी. टीव्ही बघताना मूल आठ-दहा फूट दूर बसवावे आणि खोलीत दुसरा दिवा चालू ठेवावा, म्हणजे पडद्याचा झगमगाट डोळ्यांवर कमी येतो. जुने डबा टीव्ही स्वतःच लुकलुकत. आताचे सपाट टीव्ही तसे लुकलुकत नाहीत, पण कार्यक्रमातच लखलख असली तर टीव्ही नवा असून उपयोग नाही.

काही मुले उन्हाकडे तोंड करून डोळ्यांपुढे बोटे पसरून हात हलवत राहतात. बघणाऱ्याला तो चाळा वाटतो आणि पोराला धपाटा मिळतो. हा चाळाच असेल, पण फिटचे एक रूपही असू शकते. मूल आपल्या हाताने उजेडाची उघडझाप करते आणि क्षणभर कोरी नजर लावून थांबते. असे वारंवार दिसले तर त्याला डॉक्टरकडे न्यावे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक सांगितले पाहिजे. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी सकाळी उठल्यावर चहा ओतताना एकदम दचकल्यासारखा हात झटकते, कप पडतो. आदल्या रात्री जागरण झालेले असते. घरात तिला धांदरट म्हणतात, हातात जीव नाही म्हणतात. सासरी काय नाव काढशील, हेही ऐकवतात. हे सकाळचे झटके फिटच्या एका प्रकाराची खूण असू शकतात. तो प्रकार याच वयात सुरू होतो आणि त्यातल्या पुष्कळांना उजेडाच्या उघडझापीचाही त्रास असतो. औषधाने तो चांगला आटोक्यात राहतो. पोरीला बोल लावण्यात वर्षे गेली, तर मात्र एक दिवस चुलीपाशी किंवा विहिरीच्या काठावर मोठी फिट येते.

उघडझापीत अचानक सापडले तर डोळे मिटून भागत नाही, पापणीतून उजेड आत जातोच. एक डोळा तळहाताने पूर्ण झाकावा आणि मान फिरवून तिथून दूर व्हावे. एकाच डोळ्यातून उजेड गेला की मेंदूवरचा मारा बराच कमी होतो. ही युक्ती मुलाला आधीच शिकवून ठेवावी. इटलीतल्या डॉक्टरांनी गडद निळ्या काचेच्या एका खास चष्म्याचाही अशा रोग्यांत चांगला उपयोग झाल्याचे दाखवले आहे. पण तो विशेष काचेचा असतो, जत्रेतला निळा गॉगल नव्हे.

फिट आलीच तर

रोग्याला कुशीवर वळवा, गळ्याभोवतीचे कपडे सैल करा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा. चूल, कंदील, विळा, दगड बाजूला सारा. तोंडात चमचा, कापड, पाणी काही घालू नका. दात तुटतात, श्वास अडकतो. हातपाय दाबून धरू नका. कांद्याने आणि चपलेने फिट थांबत नाही. ती बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते आणि नेमका त्याच वेळी कांदा नाकाशी असतो, म्हणून त्याचे नाव झाले. घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर चालली, किंवा शुद्धीवर न येताच दुसरी आली, तर १०८ ला फोन करून दवाखाना गाठा.

डॉक्टर मेंदूच्या विजेचा आलेख काढायला सांगतील. त्याला ईईजी म्हणतात. त्यात शॉक देत नाहीत, डोक्यात काही टोचत नाहीत. आदल्या दिवशी डोके धुवावे आणि तेल लावू नये, एवढी तयारी असते. तपासणीत डोळ्यांपुढे दिवा चमकवतात तो ग्रे वॉल्टर यांच्या दिव्याचाच वारसदार. तो पाहून नातेवाईक घाबरतात, पण उजेडाने मेंदूचा ठेका बिघडतो का, ते कळायला दुसरा सोपा मार्ग नाही.

बहुसंख्य रोग्यांच्या फिटचा उजेडाशी काही संबंध नसतो, हेही ध्यानात असू द्या. डोक्याला झालेली इजा, मेंदूज्वर, बाळंतपणातली अडचण ही कारणे जास्त. आपल्या देशात डुकरातल्या पट्टकृमीची अंडी न धुतलेल्या भाजीतून पोटात जाऊन मेंदूत गाठ होते, तेही मोठे कारण आहे. तान्ह्या बाळाची कावीळ फार वाढली तर मेंदूला कायमची इजा होते आणि पुढे फिट येऊ शकतात. इथे मात्र उजेड हाच उपाय आहे. इंग्लंडातल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात वॉर्ड नावाच्या सिस्टरबाई अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उन्हात बाहेर नेत. १९५६ साली त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवले. त्याच्या अंगाचा जेवढा भाग झाकलेला होता तेवढाच पिवळा राहिला होता. १९५८ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी उजेडाच्या उपचारावर लेख लिहिला आणि आज दवाखान्यात बाळाला निळ्या दिव्यांखाली ठेवतात ते त्यावरूनच. घरच्या घरी कोवळ्या उन्हात ठेवून मोठी कावीळ उतरत नाही. बाळाचे तळपाय पिवळे दिसले, ते दूध ओढीनासे झाले, की त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

औषध रोज, ठरल्या वेळी. नीट घेतले तर दहापैकी सात रोग्यांच्या फिट थांबतात. बरे वाटले म्हणून मध्येच सोडले की फिट उलटून येते, आणि पहिल्यापेक्षा जोरात. काही वर्षे फिट न आल्यास ते हळूहळू कमी करायचे का, हे डॉक्टरांनी ठरवायचे. पोहणे, झाडावर चढणे, विहिरीवर एकटे जाणे, ट्रॅक्टर चालवणे ही कामे फिट आटोक्यात येईपर्यंत बंद. शाळा बंद करू नये. शिक्षकांना सांगून ठेवावे. भूत काढतो म्हणून रोग्याला बांधणे, मारणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

लग्नाचा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली असे घातले गेले होते की वारंवार फेफरे येणाऱ्या माणसाचे लग्न अटीत बसत नाही. त्याचा आधार घेऊन कितीतरी मुलींचे संसार मोडले. १९९९ साली ती अट काढून टाकली गेली. आज फिट येते म्हणून लग्न बेकायदा ठरत नाही. पण आजार लपवून लग्न करू नये, कारण लपवायचे म्हटले की मुलगी सासरी गोळ्या घ्यायचे सोडते आणि पहिल्या महिन्यातच घरादारासमोर फिट येते. सासरच्यांना आधी सांगावे, डॉक्टरांशी त्यांची गाठ घालून द्यावी. मुलीला मूल हवे असेल तर दिवस राहण्याच्या आधीच डॉक्टरांना भेटावे. उजेडाच्या फिटवर गुणकारी असलेले व्हॅल्प्रोएट हे औषध पोटातल्या बाळाला अपाय करू शकते. ते बदलता येते, पण आपल्या मनाने बंद करायचे नसते. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी केव्हापासून आणि किती घ्यायची, हेही त्याच भेटीत विचारून घ्यावे.